हिराबाईशी घासाघीस

कॅन्सरची ट्रीटमेंट संपली की माणसाजवळ दोन गोष्टी साठतात. एक फाईल आणि दुसरे किस्से. फाईल कितीही जाड झाली तरी ती बघायला डॉक्टर असतो. किश्शांना मात्र गिऱ्हाईक नाही. "परवा काय गंमत झाली," अशी सुरुवात केली की समोरच्याचा चेहरा मयताला आल्यासारखा होतो. अरे, गंमत म्हणाले ना मी? हस की! पण नाही. तो आपला हात हातात घेतो आणि म्हणतो, "पॉझिटिव्ह राहा."

म्हणून आम्ही चौघं आमचे किस्से एकमेकांनाच सांगतो. ओळख झाली ती हॉस्पिटलच्या रांगांमध्ये. बोलता बोलता कळलं की सगळे बोरीवली-मालाडच्याच बाजूचे. आता दर शनिवारी दुपारी कांबळ्यांच्या सोसायटीच्या बागेत भेटतो. शनिवारच का, तर त्या दिवशी सरकारी ऑफिसला सुट्टी, माझी शाळा अर्धा दिवस, आणि निम्मी बोरीवली शनिवार पाळते म्हणून हिराबाईच्या मासळीला उठाव नाही. चौथे जयंतीभाई. त्यांचं कापडाचं दुकान सून सांभाळते, त्यामुळे त्यांना सगळेच वार सारखे.

ज्येष्ठ नागरिकांनी सुरुवातीला आमच्याबद्दल तक्रार केली होती. आमच्यामुळे बागेतलं वातावरण खिन्न होतं म्हणे. खिन्न! स्वतः रोज तासभर गुडघ्यांवर बोलतात, आणि आम्ही हसत होतो त्याचा त्यांना त्रास झाला.

* * *

माझ्यापासूनच सुरू करते. मी सावंत, एका शाळेत इतिहास शिकवते. उजव्या बाजूचा स्तन काढला, त्याबरोबर काखेतल्या गाठी काढल्या. तेव्हापासून उजवा हात सुजतो. त्यावर दिवसभर घट्ट बाही चढवून ठेवावी लागते आणि तो खांद्याच्या वर जात नाही. रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये केक कापला. हेडमास्तर म्हणाले, "झालं, आता सगळं पूर्वीसारखं!" आणि मला तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग दिला.

फळ्यावर मी खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे. महिन्याभराने हेडमास्तरांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, मॅडम, वरचा अर्धा फळा रिकामा दिसतो. मी म्हटलं, सर, हात वर जात नाही. ते म्हणाले, अहो, पण तुम्ही तर बऱ्या झालात ना? आता ह्या माणसाला काय सांगायचं? रोग गेला म्हणजे हात परत आला असं नसतं, एवढं समजायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही.

त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी वर्गात गेले तर चित्रकलेच्या सरांकडून वरच्या रिकाम्या भागात रंगीत खडूने मोठा सुविचार लिहून घेतलेला. "इच्छाशक्ती असेल तर हात आभाळाला टेकतात."

तो सुविचार वर्षभर तिथे होता. मी आपली त्याच्या खाली तह आणि लढाया लिहीत राहिले.

* * *

कांबळे सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. माणूस इतका सभ्य की रिक्षावाल्याने नकार दिला तरी थँक्यू म्हणतो. त्यांचा मोठ्या आतड्याचा. पोटाला कायमचं भोक ठेवलंय आणि त्यावर पिशवी. जे काही व्हायचं ते त्या पिशवीत होतं, शर्टाच्या आत, कुणाला पत्ता लागत नाही.

ते कामावर परतले तर ऑफिसने मोठ्या मनाने त्यांचं टेबल खिडकीपासून उचलून संडासाच्या दाराशी नेऊन ठेवलेलं. "तुमच्या सोयीसाठी, कांबळे." अख्ख्या सेक्शनमध्ये धावत जायची गरज नसलेला एकमेव माणूस तो, आणि वास घेत बसायची शिक्षा त्यालाच! कांबळ्यांनी साहेबांना थँक्यू म्हटलं. मला हे ऐकून इतका संताप आला की त्या शनिवारी मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

पण ह्याच कांबळ्यांनी एकदा कमाल केली. मोठ्या साहेबांची मीटिंग होती. सगळे चिडीचूप. साहेब नवीन परिपत्रक वाचत होते. आणि कांबळ्यांचं पोट बोलायला लागलं. पिशवीचं हे असंच, तिला वेळकाळ नाही, आणि नेहमीसारखं दाबूनही धरता येत नाही. गुरगुर, गुरगुर. साहेब वाचायचे थांबले, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "कोणाचा मोबाईल वाजतोय?"

कांबळे उठून उभे राहिले. "माझा, साहेब. हा सायलेंटवर जात नाही."

साहेब म्हणाले, मग बदलून घ्या. कांबळे म्हणाले, "दर तीन दिवसांनी बदलतो, साहेब."

* * *

जयंतीभाईंचं दुखणं प्रोस्टेटचं. ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांना काय जातंय? लागली की जयंतीभाईंच्या हातात फार तर दोन मिनिटं असतात. त्यामुळे बोरीवली ते मालाड कुठे, कोणतं बाथरूम, किती स्वच्छ आणि कोण अडवतं, हे सगळं त्यांना पाठ आहे. देवळं, बँका, लग्नाचे हॉल, सगळीकडे त्यांची ये-जा.

मध्यंतरी त्यांनी नवी सोय शोधली. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत जुन्या बिल्डिंगा पाडून टॉवर चाललेत आणि प्रत्येक टॉवरखाली बिल्डरचं चकाचक ऑफिस. आत एसी, थंड पाणी आणि एक सजवलेला सँपल फ्लॅट. जयंतीभाईंचे पांढरेशुभ्र कपडे आणि बोटातल्या अंगठ्या बघून त्यांना दारात कोण अडवणार? ते आत जाऊन म्हणायचे, "बाथरूम दाखव पहिला. बाथरूम चांगला तर घर चांगला." ऑफिसातली मुलगी खूश. इतकं मुद्द्यावर येणारं गिऱ्हाईक तिने बघितलेलं नसायचं.

ह्यांनी ऑफिसातलं बाथरूम वापरायचं आणि माहितीपुस्तिका घेऊन निघायचं. एकदा मात्र घाई फारच झाली. त्या मुलीने थेट सँपल फ्लॅटच्या मास्टर बेडरूमचं बाथरूम उघडलं. इटालियन फरशी, कमोडचं झाकण आपोआप उघडतंय. जयंतीभाईंनी आतून कडी लावली. आणि सगळं उरकल्यावर बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तेवढ्यात बाहेरून तिचा गोड आवाज आला, "सर, प्लंबिंगचं कनेक्शन पझेशनच्या वेळी देणार आहोत!"

* * *

आता हिराबाई. ती गोराईची कोळीण. रोज पहाटे टोपली घेऊन होडीने खाडी ओलांडते आणि बोरीवलीच्या मासळी बाजारात बसते. तिथला तिचा ओटा सासूकडून आलेला. तिचा जिभेचा कॅन्सर. मशेरी लावायची, ते ती लपवत नाही. अर्धी जीभ काढली. आता बोलते, पण शब्द एकमेकांत मिसळतात, आणि आवाज चार हातांपलीकडे जात नाही. आम्हाला सवयीने सगळं कळतं. बाकीच्यांना वाटतं की बिचारी पुटपुटतेय.

आमच्या वॉर्डातल्या एका होतकरू पुढाऱ्याने "कॅन्सरयोद्ध्यांचा सत्कार" ठेवला होता. आम्हा चौघांना स्टेजवर बसवलं. शाल, नारळ आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा. चिक्की! हिराबाईचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, ती सगळं मिक्सरमधून काढून खाते. आणि मागे बॅनरवर प्रायोजक म्हणून हसऱ्या फोटोसकट कोण, तर तंबाखू-सुपारीचा होलसेल व्यापारी. कांबळे म्हणाले, जाऊ द्या, त्यांनी निदान आपल्या गिऱ्हाइकांची आठवण तरी ठेवली.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी हिराबाईसमोर माइक धरला. दोन शब्द बोला, म्हणाल्या. हिराबाई पाच मिनिटं बोलली. मासळी बाजाराला नळ नाही, पत्रे फुटलेत, गटार तुंबलंय, आणि मत मागून गेलास ते परत तोंड दाखवलं नाहीस, असं त्या पुढाऱ्याकडे बोट दाखवून तिने त्याच्या घराण्याचा उद्धार केला. मला आणि कांबळ्यांना शब्द न् शब्द कळत होता. कांबळे घामाने भिजले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालिकेने डोळे पुसले. पुढारी वाकून हिराबाईच्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशींनी दिलेले आशीर्वाद मी कधीच विसरणार नाही."

* * *

हा किस्सा आम्ही महिनाभर घोळवला. हिराबाईही हसायची. पण नंतरच्या एका शनिवारी तिला हसू आलं नाही. आम्ही विचारलं. मग एकेक बाहेर आलं.

ती आजारी असताना वर्षभर तिच्या ओट्यावर जाऊ बसली होती, सुनंदा. ट्रीटमेंट संपल्यावर सुनंदाने ओटा सोडला आणि ती शेजारी खाली टोपली घेऊन बसायला लागली. पण घरात दिराने ठरवून टाकलं होतं. होळीपर्यंत हिराबाईला धंदा जमला तर ठीक, नाहीतर ओटा कायमचा सुनंदाचा, आणि हिराबाईने घरी बसून जाळी विणायची. होळीला तीन आठवडे राहिले होते आणि हिराबाईच्या टोपलीतली निम्मी मासळी रोज तशीच परत जात होती.

मला वाटलं, लोकांना किळस येत असेल, संसर्गाची भीती वाटत असेल. तसे महाभागही आहेत म्हणा. पण गोष्ट वेगळीच होती. लोक दया करत होते.

आमच्याच सोसायटीतल्या सबनीस वहिनींचं उदाहरण सांगते. मासळीची पारख आणि भाव पाडण्यात ह्या बाईचा हात धरणारं कुणी नाही. पूर्वी दर रविवारी त्यांचं आणि हिराबाईचं असं जुंपायचं की बाजारातले लोक थांबून बघायचे. हिराबाई परतल्यावर वहिनी पहिल्या रविवारी आल्या. गळ्यात पडल्या, रडल्या. हिराबाईने पापलेटच्या जोडीचा भाव नेहमीप्रमाणे चढवूनच सांगितला, कारण पुढे तो उतरायचा असतो. वहिनींनी डोळे पुसत तेवढे पैसे काढून दिले. दुसऱ्या रविवारीही तेच. अर्धी जीभ गेलेल्या बाईशी घासाघीस कशी करायची? बरं दिसत नाही. पण दर आठवड्याला दोनशे रुपये जास्त देणंही जिवावर येतं. म्हणून तिसऱ्या रविवारी वहिनी मान दुसरीकडे वळवून सुनंदाकडे गेल्या आणि तिच्याशी मनसोक्त भांडून मासळी घेऊन आल्या.

एक गेली, तिच्यामागे सगळ्या गेल्या. भल्या घरच्या, हळव्या मनाच्या बायका. ह्या हळव्या मनांनी हिराबाईची जितकी वाट लावली तितकी कॅन्सरनेही लावली नव्हती.

मी म्हटलं, मग तूच आधी भाव कमी सांग. हिराबाई म्हणाली, "बाय, भाव कमी झाला तरी काय? माझ्याशी कोण भांडत नाय. मना मेलेली समजतात."

मला तिच्यासाठी रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण मीही तेच करत होते.

* * *

उपाय एकच होता. कुणीतरी भर बाजारात हिराबाईशी कचकचीत घासाघीस करून दाखवायची, म्हणजे लोकांची भीड चेपेल.

पहिल्या रविवारी कांबळे गेले. आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं की अर्ध्या भावापासून सुरुवात करायची. हिराबाईने भाव सांगितला. कांबळे म्हणाले, "बरोबर आहे," आणि पैसे दिले. वर थँक्यू म्हणाले.

दुसऱ्या रविवारी मी. केमो झाल्यापासून मला मासळीचा वास सोसत नाही. तरी पदर नाकाला लावून उभी राहिले. "फार महाग सांगतेस गं," एवढं म्हटलं. हिराबाईच्या चेहऱ्यावर असा काही आनंद उमटला की माझा पदर नाकावरून सुटला, आणि मासळीचा वास भस्सकन आत आला. मी पळाले. शेजारून सुनंदा मोठ्याने म्हणाली की आता हिची ओळखीची गिऱ्हाइकंसुद्धा वास घेऊन पळायला लागली.

होळीच्या आधीचा शेवटचा रविवार राहिला आणि जयंतीभाई म्हणाले, "मी जाते."

आम्ही त्यांच्याकडे बघायला लागलो. जयंतीभाई कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. मासळी बाजाराच्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने घरी जातात. पण ते हट्टाला पेटले. रेडिएशनच्या रांगेत ते दर दहा मिनिटांनी बाथरूमला जायचे, तेव्हा त्यांची खुर्ची हिराबाईने महिनाभर कुणाला बसू दिली नव्हती. "चाळीस वरस कापड विकला, मॅडम," ते म्हणाले. "भाव तर भाव. त्याच्यात मच्छी काय नि मलमल काय."

रविवारी सकाळी नऊला बाजार खच्चून भरलेला. सबनीस वहिनी सुनंदासमोर उभ्या होत्या. मी आणि कांबळे शेजारच्याच कोंबडीवाल्याच्या आडोशाला. जयंतीभाई आले ते पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला गंध, नाकावर अत्तराचा रुमाल. बाजार थबकलाच.

"ए बेन, हे काय आहे?" त्यांनी छत्रीच्या टोकाने दाखवलं. हिराबाईने सांगितलं, पापलेट. जोडी हजार रुपये.

"हजार? एका जोडीचे? ह्याच्यात लग्नाची धोतरजोडी येते!" त्यांनी वाकून बघितलं. "आणि हा माल जुना आहे. चमक बघ, उडून गेली. चारशे."

हिराबाईने कल्ले उघडून लालभडक आतली बाजू दाखवली. जयंतीभाईंनी डोळे मिटून घेतले, पण मागे हटले नाहीत. रंग तर काय, कच्चासुद्धा असतो, म्हणाले. एका धुण्यात जातो. आणि दोन्ही पीस एका मापाचे नाहीत. हा आखूड आहे. साडेचारशे, आणि बांधून दे.

लोक गोळा झाले. हिराबाई उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा तिचे हात कमरेवर गेले आणि तिची गाडी सुरू झाली. तिने जयंतीभाईंचं दुकान काढलं, त्यांचं अत्तर काढलं, त्यांच्या सात पिढ्यांनी खाल्लेलं गवत काढलं. शब्द बाजारातल्या कुणालाच लागत नव्हते, पण अर्थाबद्दल कुणालाही शंका उरली नाही. एक-दोघं हसले. कांबळ्यांनी माझा डावा हात घट्ट धरला.

"पाचशे! शेवटचा!" असं जयंतीभाई ओरडले आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. आम्ही दोघांनी ओळखलं. ते वळले आणि गर्दीतून सरळ पळत सुटले, कोपऱ्यावरच्या बँकेच्या दिशेने. रविवार आहे, बँक बंद असणार, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

बाजाराला वाटलं, गिऱ्हाईक रागावून गेलं. सुनंदा हसली. हिराबाई तशीच उभी. ओट्यावर पापलेटची जोडी पडलेली.

आणि सबनीस वहिनी सुनंदाला सोडून दोन पावलं पुढे आल्या. मला वाटलं, झालं, आता गळ्यात पडणार. वहिनींनी पापलेट बोटाने दाबून बघितलं, हुंगलं आणि पूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "त्याला काय अक्कल? तो शेंगदाणे खाणारा. पण हजार कसले गं? ही कालची आहे. सातशे."

हिराबाईने नुसती मान हलवली. वहिनी साडेसातशेवर आल्या, मग आठशेवर. हिराबाईने त्यांच्या पिशवीकडे बोट करून काहीतरी म्हटलं. काय ते मलाही कळलं नाही, पण वहिनी लाल झाल्या. "ठेव तुझ्याजवळच," म्हणाल्या आणि ताडताड निघाल्या. पाच पावलं. दहा पावलं. पूर्वी इथे हिराबाई हाक मारायची. आता हाक मारून ती पोचणार नव्हती, म्हणून ती खाली बसली आणि पापलेटवर पाणी शिंपडायला लागली.

बाजाराच्या दाराशी जाऊन वहिनी थांबल्या. उभ्या राहिल्या. मग परत आल्या, कुणाकडे न बघता, आणि पर्स उघडत म्हणाल्या, "घे बाई, हजार तर हजार."

हिराबाईने वर बघितलं नाही. दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि त्यावर आणखी एक.

"अकराशे?" वहिनी ओरडल्या. "अगं, मघाशी हजार म्हणालीस ना?"

"मघाशी," हिराबाई म्हणाली.